शाईने लिहिलेल्या तारखा

आमच्या प्रॅक्टिसच्या रिसेप्शनमागे, फोनच्या वर, एक लॅमिनेट केलेली यादी चिकटवलेली होती. शेतकऱ्याचा फोन आला तर कोणी काय सांगायचं, याची. वर पाच व्हेट्सची नावं. ते निदान सांगणार, औषध सांगणार. त्याखाली दोन नर्सेस. त्या जखम धुण्यापुरतं बोलणार. सगळ्यात शेवटी एक ओळ होती : मिस्टर लोखंडे, एआय टेक्निशियन. मत देणार नाहीत.

ती यादी मीच टाईप केली होती. थोरल्या पार्टनरने तोंडी सांगितलं, मी क्रम लावला, समास सारखे केले, मशीनमधून प्लॅस्टिक चढवून आणलं. याद्या करणं हे माझं काम होतं आणि मला त्यात सुख वाटायचं, अजूनही वाटतं. शेवटची ओळ टाईप करताना मला काहीच टोचलं नव्हतं. आता टोचते, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ही प्रॅक्टिस गुरांच्या डॉक्टरांची. लीड्सपासून गाडीने चाळीस मिनिटांवरच्या एका लहान गावात. माझे यजमान लीड्सच्या हॉस्पिटलात होते, मुलं मोठी झाली होती, आणि मी आठवड्यातले तीन दिवस तिथे ऑफिस सांभाळायची. साल दोन हजार चार-पाच असेल. आजूबाजूच्या डोंगरउतारांवर तेव्हाही तीस-चाळीस गाई सांभाळणारे शेतकरी टिकून होते. दगडी कुंपणं, चिखल, आणि दिवसातून दोनदा दूध काढण्यात अडकलेली माणसं.

लोखंडे म्हणजे डॉक्टर भास्कर लोखंडे. मराठवाड्यात सरकारी गुरांच्या दवाखान्यात अठरा वर्षं काढलेला माणूस. बायको विमलताई नर्स. त्यांना लीड्समध्ये नोकरी लागली आणि त्यांच्या मागोमाग हे मुलीला घेऊन आले. आपल्याकडची डिग्री इथे चालत नाही, परीक्षा द्यावी लागते. ती त्यांनी दोनदा दिली.

"पहिल्या खेपेला कुत्र्याच्या दातांनी मारलं, दुसऱ्या खेपेला सशाने," ते सांगायचे. "ताई, अठरा वर्षांत माझ्याकडे एकानेही ससा आणला नव्हता. कोणी धरलाच असता, तर दवाखान्यात कशाला आणला असता?"

तिसऱ्यांदा ते बसले नाहीत. एआय टेक्निशियन झाले. बैल न बाळगता गाय भरवायची, म्हणजे कृत्रिम रेतन, ते करणारा माणूस. इथले शेतकरी त्याला 'एआय मॅन' म्हणतात. त्यासाठी एका आठवड्याचं ट्रेनिंग आणि एक सर्टिफिकेट. म्हणजे ज्या हाताने हजारो गाई तपासल्या होत्या, त्या हाताला असं लिहून मिळालं की तो आता गाय भरवू शकतो. ती गाभण राहिली की नाही, हे मात्र आमच्या प्रॅक्टिसच्या नियमाप्रमाणे त्या हाताने सांगायचं नव्हतं. ते व्हेट सांगणार, आणि व्हेटच्या भेटीचं बिल वेगळं.

मी त्यांना डॉक्टर म्हणायची. "तेवढं मराठीतच म्हणा," ते म्हणायचे. "इंग्रजीत म्हटलंत तर कोणीतरी लिहून घेईल."

अंगाने बारीक, आवाज खालच्या पट्टीतला. हिरवा वॉटरप्रूफ डगला, डाव्या कानावर बोटभर पेन्सिल, आतल्या खिशात निळ्या शाईचं पेन. गाईशी मराठीत बोलायचे. "हो बाई, हो. झालंच. एवढंच." त्या यॉर्कशरी गाईंना ते कळायचं, कारण मी स्वतः पाहिलं आहे की आमच्या तरुण व्हेटला, ऑलिव्हरला, लाथ मारणारी गाय यांच्यापुढे डोळे मिटून रवंथ करत उभी राहायची. काम झालं की हात तीनदा धुवायचे, तिसऱ्यांदा स्वच्छ पाण्याने, आणि मगच डबा उघडायचा. डब्यात ज्वारीची भाकरी. पीठ लीड्सहून आणायचे, चटणी विमलताईंची.

त्यांचं खरं काम मला कळलं ते जीनमुळे. जीन बेल ही चाळीस गाईंची मालकीण, साठी ओलांडलेली, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. गाई कधी विणाव्यात हे तिचा नवरा डोक्यात ठेवायचा. तो गेला आणि सगळं विस्कटलं. गाई बारा महिने केव्हाही विऊ लागल्या. कधी बर्फात, कधी वैरण कापायच्या आठवड्यात. जीनला एक दिवस मोकळा मिळेना.

पहिल्या हिवाळ्यात लोखंडेंनी एक गाय भरवली, आणि तीन आठवड्यांपूर्वी भरवलेल्या दुसरीकडे बोट करून जीनने विचारलं, "ही राहिली का हो?"

"ते मला सांगता येत नाही, मिसेस बेल."

"येत नाही की सांगायचं नाही?"

लोखंडे वळले. दुधाच्या खोलीत गेले. तिथे भिंतीवर पेंड विकणाऱ्या दुकानाचं ट्रॅक्टरच्या फोटोंचं कॅलेंडर होतं. कानावरची पेन्सिल काढली, बोटांच्या पेरांवर मोजलं आणि पुढच्या सप्टेंबरातल्या एका चौकोनात गाईचा नंबर बारीक लिहिला. नंतर महिन्याभराने ते पुन्हा आले, त्या गाईपाशी काही वेळ थांबले, हात धुतले, पेन्सिलचा नंबर खोडरबराने पुसला आणि त्याच चौकोनात निळ्या पेनाने लिहिला. तोंडातून शब्द नाही.

जीन मला म्हणाली, "मी ते बघितलं आणि चहा ठेवला."

उन्हाळ्यापर्यंत सगळ्या खोऱ्याला ही रीत कळली होती. पेन्सिल म्हणजे गाय भरवली आहे. पेन म्हणजे वासरू येतंय. कोणी कोणाला समजावून सांगितलं नाही. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर नोव्हेंबरातच मिळालं पाहिजे म्हणून शेतकरी पेंडवाल्याच्या मागे लागू लागले, एवढाच काय तो गाजावाजा.

तारीख ते नऊ महिने नऊ दिवस अशी धरायचे. माझ्या टेबलावर छापील तक्ता होता. मी परीक्षा घेतल्यासारखी एखादी तारीख फेकायची आणि ते पेरांवर अंगठा फिरवून उत्तर द्यायचे. तक्त्याशी एखाद्या दिवसाचा फरक पडायचा.

"तुमचा तक्ता दिवस मोजतो, ताई. मी लहानपणापासून बायकांच्या तोंडून हेच ऐकलंय, नऊ महिने नऊ दिवस. गाईला वेगळं पाठ करावं लागलं नाही."

आमचे व्हेट शेतावर गेले की आधी गाईंची फाईल मागायचे. लोखंडे आधी माणसांची चौकशी करायचे. पाठ कधी धरते, वैरण कधी कापता, लेकीचं लग्न कधी आहे. कीथ नावाच्या एका शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, "तुमच्या मिसेस शाळेत शिकवतात ना? मग ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं कुठे जाता?" कीथला प्रश्नच कळला नाही. ऑगस्टमध्ये त्याच्या सात-आठ गाई विणायच्या, तो कुठे जाणार? लोखंडेंनी दोन वर्षं त्याला नोव्हेंबरात एकही गाय भरवू दिली नाही. माजावर आलेली गाय समोर उभी असायची, कीथ चिडायचा, आणि हे म्हणायचे, "थांबा तीन आठवडे. ती परत येईल. ऑगस्ट परत येणार नाही." लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर कीथ आणि त्याची बायको पहिल्यांदा समुद्रावर गेले, आणि तिथून त्यांनी लोखंडेंच्या नावाने पोस्टकार्ड पाठवलं.

थोरल्या पार्टनरने ते कार्ड वाचलं आणि रिसेप्शनच्या बोर्डावर लावलं. वर चिठ्ठी : आमच्या प्रजनन सेवेबद्दल ग्राहकांचं मत. लोखंडेंचं नाव त्या चिठ्ठीखाली बरोबर झाकलं गेलं होतं. मी चिठ्ठी दोन इंच वर सरकवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खाली आली होती.

मग जीनचा खुबा. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि ती दोन वर्षं टाळत होती, कारण त्यानंतर निदान सहा आठवडे तिला गाईखाली बसता येणार नव्हतं आणि बदली माणूस मिळत नव्हता. ती काठी टेकत दूध काढायची. शेवटी काठी एका हातात धरून दुसऱ्या हाताने मशीन लावायची. लोखंडेंनी तिला दुधाच्या खोलीत कॅलेंडरसमोर उभं केलं.

"ऑपरेशन जुलैत घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये तुमची एकही गाय दुधात नसेल. सगळ्या आटवलेल्या, कुरणात. तेव्हा त्यांना गवत आणि पाणी दाखवायला शेजारीही चालेल. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्या विणार."

"सगळ्या?"

"नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मी इथे रोज येतो. तुम्ही फक्त कोण माजावर आहे ते बघा."

आणि ते रोज आले. नाताळच्या दिवशीसुद्धा. विमलताईंनी पुरणपोळ्या दिल्या होत्या. जीनने त्या लोणी लावून खाल्ल्या आणि हा कुठल्या डाळीचा केक म्हणून विचारलं. फेब्रुवारीत कॅलेंडरचे सप्टेंबर-ऑक्टोबर निळ्या नंबरांनी भरले होते. जीनने हॉस्पिटलला फोन करून जुलैची तारीख पक्की केली. त्या दिवशी ती मला फोनवर म्हणाली, "शैला, मी पायऱ्या चढणार आहे. वरच्या मजल्यावर झोपणार आहे."

सत्तावीस नंबरची गाय मेबल. तिचा नंबर नऊ सप्टेंबरच्या चौकोनात निळ्या शाईत होता. फेब्रुवारीच्या एका सोमवारी जीनने फोन केला की मेबल काल दुसऱ्या गाईंवर चढत होती, म्हणजे माजावर आल्याची खूण. मी डायरीत लिहिलं : सत्तावीस, माजावर, व्हेटने बघावी. नियमाप्रमाणे बरोबर लिहिलं.

ऑलिव्हर गेला. नुकताच पास झालेला, स्वभावाने बरा, कायम घाईत. लोखंडे त्या सकाळी शेवटचा एक उरलेला नंबर शाईने लिहायला तिथेच आले होते. जीन गरम पाणी आणायला घरात गेलेली. पुढचं जे झालं ते मला दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितलं आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

ऑलिव्हरने इंजेक्शन भरलं. ते दिलं की मोकळी गाय तीन दिवसांत पुन्हा माजावर येते. गाभण गाईला दिलं तर गर्भ पडतो.

"एकदा हात घालून बघा ना," लोखंडे म्हणाले.

"माजावर आलीय ती, मिस्टर लोखंडे. गाभण गाय कशी येईल?"

"कधी कधी येते. खोटा माज असतो."

ऑलिव्हर हसला. "हे मत आहे का?"

त्याने गंमत केली होती. माझ्या यादीतली ओळ ऑफिसात सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झाली होती, चहा कडू झाला का विचारलं तरी कोणीतरी म्हणायचं, मिस्टर लोखंडे मत देणार नाहीत. पण लोखंडे बाजूला सरकले. ऑलिव्हरने सुई टोचली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेबलच्या मागे गवतावर एक पातळ पिशवी पडली होती. आत बोटाएवढं वासरू. चारही पाय मोजता येत होते.

जीनने लोखंडेंना बोलावलं आणि ते दाखवलं. "तुम्ही तिथे होतात ना, डॉक?"

"होतो."

"मग?"

"सांगितलं मी. पुरेशा मोठ्याने सांगितलं नाही."

हे एवढं एक वाक्य वर्षानुवर्षं माझ्या डोक्यात राहिलं आहे. ज्याने तपासलंच नाही त्याला कोणी विचारलं नाही. ज्याला तोंड उघडायची बंदी होती, तो मात्र आपला आवाज कमी पडला म्हणून स्वतःला दोष देत होता.

जीनने लेखी तक्रार केली, आणि इथे मी माझी चूक केली. दोन वर्षं मी फावल्या वेळात एक तक्ता करत होते. जीन, कीथ आणि आणखी चार शेतांच्या कॅलेंडरांवरून. एका रकान्यात गाईचा नंबर, पुढे पेन्सिलची तारीख, पुढे शाईची तारीख, शेवटी ती प्रत्यक्ष व्याली तो दिवस. कोणी सांगितलं नव्हतं. मला तो नीटनेटका आकार बघायला आवडायचा. शाईत लिहिलेली एकही गाय रिकामी निघाली नव्हती. मला वाटलं, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? मी तो छापला, स्टेपल केला आणि थोरल्या पार्टनरपुढे ठेवला. म्हटलं, मेबल गाभणच होती, मिस्टर लोखंडेंना ते माहीत होतं, त्यांची शाई कधीच चुकलेली नाही.

त्यांनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. चष्मा काढला.

"म्हणजे हा माणूस दोन वर्षं निदान करत होता," ते म्हणाले. "लेखी."

मी काही बोलायला गेले.

"शैला, फार व्यवस्थित काम केलंयस. हे मी ठेवून घेतो."

शुक्रवारी लोखंडेंची नोकरी गेली. जीनला उत्तर गेलं की अनधिकृत व्यक्तीने कॅलेंडरवर केलेल्या नोंदींमुळे गोंधळ झाला आणि प्रॅक्टिसने योग्य ती कारवाई केली आहे. ज्या नोंदी बघायला ऑलिव्हर दुधाच्या खोलीत गेलासुद्धा नव्हता, त्या नोंदींमुळे गोंधळ. ते पत्र मी टाईप केलं. मजकुरात एक तारीख चुकली होती, ती सुधारली. माझ्या अंगात तेवढीच हिंमत होती त्या दिवशी.

लोखंडे डगला आणि बूट परत द्यायला आले, ते मला कार पार्कमध्ये भेटले. मी रडवेली झाले होते. ते बुटांचा चिखल काढत होते. परत द्यायचे बूटसुद्धा धुऊन द्यायचे.

"तुमच्या तक्त्यात एकही चुकली नाही म्हणता?"

"एकही नाही, डॉक्टर."

"एक कॉपी मिळेल?"

मी गाडीतून काढून दिली. त्यांनी तिची घडी घालून, जिथे निळं पेन असायचं त्या खिशात ठेवली.

जुलैत जीनचं ऑपरेशन झालं. गाई आटलेल्या, कुरणात. सप्टेंबरात ती काठीशिवाय गोठ्यात आली आणि गाई विऊ लागल्या, निळ्या चौकोनांच्या आगेमागे चार-पाच दिवसांत. नऊ सप्टेंबरला काही झालं नाही. मेबलला पुन्हा दिवस राहिलेच नाहीत. हिवाळ्याच्या तोंडावर ती कत्तलखान्याच्या लॉरीतून गेली. वर्ष संपल्यावर जीनने ते कॅलेंडर मला पोस्टाने पाठवलं. प्रत्येक व्यालेल्या गाईपुढे लाल खूण, आणि एका नंबराभोवती पेनाने इतक्या वेळा गोल काढलेला की कागद फाटला होता.

पुढच्या वसंतात प्रॅक्टिसने नवी योजना काढली. लहान शेतकऱ्यांसाठी गाई विण्याचं वार्षिक नियोजन. रंगीत पत्रक, प्रॅक्टिसचं नाव छापलेलं भिंतीवरचं कॅलेंडर आणि सोबत भेट म्हणून एक पेन्सिल, एक निळं पेन. पत्रकात लिहिलं होतं : पेन्सिलने अंदाज, पेनाने खात्री. थोरल्या पार्टनरने मला पेनांची ऑर्डर द्यायला सांगितलं. मी किती हवीत ते विचारलं, कॅटलॉगमधलं पान शोधून त्यांच्या टेबलावर उघडून ठेवलं, माझी किल्ली त्या पानावर ठेवली आणि घरी आले. निघताना फोनच्या वरची यादी काढून आणावी असं मनात होतं. चार कोपऱ्यांना मीच इतकी घट्ट चिकटवली होती की ती निघाली नाही.

लोखंडे नंतर मिल्टन कीन्सला गेले. मनूला, त्यांच्या मुलीला, तिथे आयटीत नोकरी लागली होती. हे एका मोठ्या गोदामात खोक्यांवर लेबलं लावायचे. तीन वर्षांनी मी तिथल्या माझ्या नणंदेकडे गेले होते, तेव्हा त्यांनाही भेटायला गेले. स्वयंपाकघरात जीनने पाठवलेलं ट्रॅक्टरचं कॅलेंडर होतं. रविवारी ती फोनवर कोण कधी भरवली ते सांगायची आणि हे लिहून घ्यायचे. ऑक्टोबरातल्या एका चौकोनात 'मनू' असं लिहिलेलं होतं.

"काकू, बघा ना," मनू म्हणाली, "मला पण काऊजच्या लाईनमध्ये टाकलंय बाबांनी."

"हॉस्पिटलने दिलेलीच तारीख आहे," लोखंडे म्हणाले. "आणि पेन्सिलनेच लिहिलीय."

मी नीट पाहिलं. सगळंच पेन्सिलने होतं. साऱ्या महिन्यांत निळा नंबर एकही नव्हता.

संध्याकाळी ते मला गाई दाखवायला घेऊन गेले. त्या शहरात सिमेंटच्या गाई आहेत. कोणा कलावंताने केलेल्या, काळ्यापांढऱ्या रंगवलेल्या, रस्त्याकडेच्या गवतात उभ्या. आम्ही सायकलींच्या तांबड्या वाटेने चालत गेलो. लोक समोरून फोटो काढतात. लोखंडे सवयीने मागच्या बाजूला गेले, एकीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला आणि हलकंच थोपटलं.

"काय डॉक्टर," मी म्हटलं, "गाभण आहे का?"

त्यांनी हात काढला, पँटला पुसला, आणि मागच्या वाटेवर कोणी नाही ना असं वळून पाहिलं.

"मत देणार नाही," ते म्हणाले, आणि हसले.

मला हसता आलं नाही. ती ओळ मी टाईप केलेली होती.